पाठ नसलेलं मंदिर

कुठल्याही देवळात गेलो की गाभाऱ्याकडे वळण्याआधी मी मागच्या बाजूला जातो. सिन्नरचं गोंदेश्वर असो की खिद्रापूरचं कोपेश्वर, पुढून सगळेच पाहतात. कारागिराची खरी ओळख पटते ती मागच्या भिंतीशी. तिथे गर्दी नसते, आरास नसते. हात कुठे सैल पडला, कुठे घाई झाली, आणि इथवर कोणी येणार नाही हे ठाऊक असूनही एखादी वेल शेवटच्या पानापर्यंत कशी नेली, हे सगळं मागेच कळतं. हीच सवय घेऊन मी अमृतसरला दरबार साहिबमध्ये गेलो. जग ज्याला सुवर्णमंदिर म्हणतं त्याला तिथली माणसं दरबार साहिब म्हणतात, किंवा हरिमंदिर साहिब. सरोवराभोवती एक पूर्ण फेरी झाली, तरी मला मागची बाजू सापडली नाही. म्हणून दुसरी फेरी घातली, सावकाश, एकेक बाजू न्याहाळत. त्या दुसऱ्या फेरीत जे हाती लागलं त्याची ही नोंद आहे.

उत्तरेकडच्या मुख्य प्रवेशाला लोक अजून घंटाघर म्हणतात. इंग्रजांनी इथे लाल विटांचा, गॉथिक धाटणीचा घड्याळाचा मनोरा उभारला होता. एकोणिसशे चाळीसच्या दशकात तो पाडला गेला, नाव तेवढं राहिलं. जोडाघरात चपला द्यायच्या, डोक्यावर रुमाल बांधायचा, वाहत्या पाण्याच्या उथळ पन्हळीतून पाय भिजवत पुढे जायचं. आणि मग पायऱ्या लागतात, त्या उतरायच्या. जेजुरी असो की सप्तशृंगी, आपली पावलं देवाकडे चढत जायला शिकलेली. चढताना मान आपोआप वर होते आणि देवस्थान आपल्याहून उंच आहे हे दर पायरीला पटत जातं. इथे मात्र पायऱ्यांच्या माथ्यावर उभं राहिलं की कमानीच्या चौकटीत दिसणाऱ्या मंदिराची बैठक आपल्या नजरेच्या बरीच खाली असते. एकेक पायरी उतरत आपण तिच्या पातळीला येतो. ज्याला नमस्कार करायचा तो खाली आणि करणारा वर, म्हणून नमस्कारासाठी वेगळं वाकावंच लागत नाही. पायऱ्यांनीच तो करवून घेतलेला असतो.

खाली आलं की डोळ्यांत पहिल्यांदा सोनं भरतं. माझी वाचकांना विनंती आहे की सोनं जरा बाजूला ठेवावं आणि आधी पाणी पाहावं, कारण घडलं ते त्याच क्रमाने. चौथे गुरू रामदास यांनी १५७७मध्ये इथे सरोवर खणायला घेतलं. त्या अमृतसरावरून गावाचं नाव पडलं. पाचवे गुरू अर्जन देव यांनी १५८८च्या सुमारास त्या तळ्याच्या मध्यावर मंदिर बांधायला घेतलं. पायाचा पहिला दगड लाहोरचे सूफी संत मियाँ मीर यांनी ठेवला, असं शीख परंपरा सांगते. सोनं यायला त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ जायचा होता. या क्रमातलं शहाणपण काठावर उभं राहिलं की कळतं. सरोवराची एकेक बाजू दीडशे मीटरच्या आसपास आहे, आणि मंदिराची मूळ इमारत जेमतेम बारा मीटर चौरस. म्हणजे पुण्यामुंबईतल्या एखाद्या बंगल्याएवढी. ही इमारत रस्त्याच्या कडेला असती तर माणूस तिला ओलांडून गेला असता. पाण्याने तिच्याभोवती अंतर निर्माण केलं, आणि ते अंतर कुणालाही बुजवता येत नाही. कितीही घाई असली, कितीही पैसा असला, तरी काठावरून मंदिर तेवढंच दूर राहतं. आपल्याकडे गाभाऱ्यापुढे सभामंडप असतो, अंतराळ असतं. भक्ताचं मन तयार व्हायला मध्ये थोडी जागा लागते. इथे तो मंडप पाण्याचा केला आहे, तोही चारी बाजूंनी, आणि त्याला एकही खांब लागलेला नाही.

परिक्रमेचा संगमरवरी मार्ग डावीकडून घेतात, आपल्या प्रदक्षिणेसारखाच. मी पुलाच्या बाजूपासून सुरुवात केली. पश्चिमेकडून एक पूल मंदिराकडे जातो, म्हणून ही दर्शनी बाजू असं मनाशी धरलं. मग उत्तरेची बाजू पाहिली: मध्ये दार, वर पुढे आलेली खिडकी, छज्जा, कठड्यावर छोट्या घुमट्यांची रांग. पुढे पूर्वेला आलो. पुलाच्या बरोबर उलट बाजू ही, म्हणजे नियमाने इथे पाठ यायला हवी. आणि नेमकी इथेच इमारत अर्ध्या षटकोनासारखी पुढे आली आहे. तिच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. ही हर की पौडी. आत दर्शन घेऊन आलेली माणसं इथे ओंजळभर तीर्थ घेतात. जिथे दुसरा एखादा स्थपती कोरी भिंत सोडून देईल, तिथे या वास्तूने काठाकडे पाऊल टाकलं आहे. दक्षिणेची बाजू पुन्हा उत्तरेसारखी, दारासकट. चार दिशांना चार दारं, ही गोष्ट हरिमंदिराबद्दल सगळेच सांगतात आणि तिचा अर्थही सांगतात: चारी वर्णांना, चारी दिशांच्या माणसांना वाट मोकळी. अर्थ खराच आहे. पण नुसतं दार ठेवल्याने बाजू दर्शनी होत नाही. कितीतरी वाड्यांना मागचं दार असतंच. इथे प्रत्येक दारामागे एक संपूर्ण दर्शनी भाग रचला आहे, आणि जी बाजू मागची ठरली असती तिला सगळ्यांत पुढे आणलं आहे. त्या अर्ध्या षटकोनाशी मी बराच वेळ थबकलो. एवढ्याशा वळणात स्थपतीने सबंध वास्तूचं तत्त्व सांगून टाकलं होतं.

आता छप्पराची रेषा पाहावी. घुमट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ताजमहाल येतो: उंच गळ्यावर तोललेला, कांद्यासारखा फुगीर, आकाशात एकटा. हरिमंदिराचा घुमट बसका आहे. त्याच्या अंगावर वरून खाली पन्हळीसारख्या धारा आहेत, तळाशी कमळाच्या पाकळ्या, म्हणून तो उलट्या ठेवलेल्या कमळासारखा दिसतो. चार कोपऱ्यांना चार छत्र्या आहेत आणि त्यांच्यामधून घुमट्यांच्या ओळी धावतात. गंमत अशी, की मुघल घडणीतले जवळजवळ सगळे शब्द इथे हजर आहेत, महिरपी कमानीपासून छत्रीपर्यंत, राजपुतान्याचा छज्जाही आहे. पण वाक्य नवं आहे. मुघल वाक्य उंचीकडे चढतं. हे वाक्य पाण्याकडे उतरतं. ताज डोळे मिटूनही उभा दिसतो, हरिमंदिर मात्र प्रतिबिंबाशिवाय आठवतच नाही. शिवाय जे आज दिसतं ते पहिलं बांधकाम नव्हे. अहमदशाह अब्दालीच्या फौजांनी अठराव्या शतकात या जागेची पुन्हा पुन्हा विटंबना केली. १७६२मध्ये तर इमारत सुरुंगाच्या दारूने उडवून दिली आणि सरोवर बुजवलं. १७६४मध्ये नव्याने पाया घातला गेला, जस्सासिंग अहलुवालिया त्यात पुढे होते, आणि १७७६पर्यंत मंदिर, पूल आणि देवडी उभी राहिली. घोड्याच्या पाठीवर संसार असलेल्या, रोजच्या लढाईत गुंतलेल्या माणसांनी ते बांधलं. सूडाने पेटलेल्या हातांनी एखादा किल्ला उभारला असता तर नवल नव्हतं. त्यांनी पुन्हा चार दारं ठेवली, पुन्हा घुमट बसका ठेवला. एवढ्या जखमेनंतरही आवाज न चढवणारी अशी वास्तू क्वचितच पाहायला मिळते.

मग सोनं. महाराजा रणजितसिंगांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत, संगमरवर आणि सोनं आलं. हे सोन्याचे पत्रे नव्हेत. तांब्याच्या पत्र्यांवर चढवलेला मुलामा आहे, आणि खरी कारागिरी त्या तांब्यात आहे. पत्रा मागून ठोकून पुढे उठाव आणायचा, मग पुढून बारीक हत्याराने त्याला धार द्यायची: वेली, पानं, महिरपी आणि गुरुमुखी अक्षरं. पुण्याच्या तांबट आळीत ज्याने ठोक्यांचा नाद ऐकला आहे त्याला या पत्र्यासमोर उभं राहिल्यावर तो नाद ऐकू येईल. पंजाबात या कारागिरांना ठठेरे म्हणतात. अमृतसरजवळच्या जंडियाला गुरूमधली त्यांची भांडी घडवण्याची कला २०१४मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. दुपारच्या उन्हात सोनं नुसतं चमकतं आणि त्यावरचं काम दिसेनासं होतं. म्हणून ते पाहावं दिवेलागणीला. तिरपा उजेड उठावाच्या कडांवर अडतो, प्रत्येक पानाला स्वतःची सावली मिळते, आणि जी भिंत दिवसा एक झळाळी होती ती पानापानांनी वाचता येते. दाराशी १८३०चा एक लेख आहे. त्याचा आशय असा, की गुरूने रणजितसिंगाला आपला सेवक समजून ही सेवा त्याच्या पदरात घातली. खैबरपर्यंत राज्य असलेला राजा हे आपण दिलं असं म्हणत नाही. आपल्याकडून करवून घेतलं असं म्हणतो. उतरत्या पायऱ्यांचा धडा राजालाही लागू पडला, आणि त्याने तो तांब्यावर कोरून ठेवला.

सोन्याखाली, माणसाच्या उंचीच्या पट्ट्यात, संगमरवर आहे, आणि दर्शनाच्या रांगेतली निम्मी माणसं वर पाहण्याच्या नादात त्याला मुकतात. या कामाला जडतकारी म्हणतात. पांढऱ्या दगडात खाचा घेऊन त्यात रंगीत खडे इतके नेमके बसवलेले असतात, की बोट फिरवलं तर सांधा लागत नाही. तंत्र मुघलांकडून आलं. पण मुघल जडावाची शिस्त कडक असते. त्यात फुलं, वेली आणि भूमिती यांचं राज्य. इथल्या हातांनी त्या बागेत पक्षी सोडले, प्राणी आणले. फुलदाणीच्या कडेला एखादा पक्षी असा टेकतो, की फांदी त्याच्या वजनाने किंचित लवली आहे. दगडात खडा बसवताना वजनाचं भान ठेवणं ही मोठ्या हाताची खूण आहे. रांग पुढे सरकत होती, आणि त्या लवलेल्या फांदीवरून माझी नजर हलत नव्हती.

पुलाच्या तोंडाशी दर्शनी देवडी आहे. तिथून मंदिरापर्यंत साठ मीटरच्या आसपासचा पूल. देवडीत क्षणभर सावली मिळते, सोनं दिसेनासं होतं, आणि पुढच्या कमानीतून ते पुन्हा समोर उभं राहतं, आता मात्र समोरासमोर, चौकटीत बसलेलं. नाटकात पडदा पडून पुन्हा उघडावा तशी ही योजना आहे. देवडीची जुनी दारं शिसवाची होती. ती आता जतनासाठी उतरवली आहेत आणि जागी नवी दारं आहेत. त्या जुन्या दारांची रचना ऐकली तेव्हा माझी मागे जाऊन पाहण्याची सवय सार्थकी लागली. समोरून त्यांवर चांदीचा पत्रा, आणि मागून हस्तिदंताची जडवण. म्हणजे येणाऱ्याला चांदीची भव्यता, आणि दर्शन घेऊन परतणाऱ्याला, ज्याच्याकडे आता थोडी सवड आहे आणि ज्याचं मन निवलेलं आहे, त्याला हस्तिदंताचं नाजूक काम. परतणाऱ्या माणसासाठी अधिक बारीक नक्षी राखून ठेवणारा तो कारागीर कोण होता कोण जाणे. माणसाचं मन त्याला पुरतं कळलं होतं.

आत गेलं की सगळ्यात आधी जाणवतं ते मध्यभागी मोकळं ठेवलेलं अवकाश. मधला चौक दोन मजले उंच आहे, भोवती वर सज्जा. मूर्ती नाही. छताखाली रुमाल्यांनी झाकलेला, उघडलेला ग्रंथ, त्यावर चवरी, बाजूला कीर्तन करणारे रागी. भिंतींवर मात्र एकही कोरा कोपरा नाही. ओल्या गिलाव्यावर काढलेली मोहराकशी, चुन्यासारख्या गचातून उठवलेली नक्षी, गचात बसवलेले आरशाचे आणि रंगीत काचेचे तुकडे. जुने नक्काश आपल्या शैलीतल्या एका कल्पनाचित्राला 'देहीण' म्हणत: एका मुळातून वेल निघते, फुटत जाते, आणि तिच्या वळणांत प्राणी एकमेकांना विळखे घालतात, पण कुठेही रेषा तुटत नाही. भाई ग्यानसिंग नक्काश यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तीसहून अधिक वर्षं या एका इमारतीच्या भिंतींवर काम केलं. एवढ्या चित्रांत माणूस जवळजवळ नाहीच. वरच्या मजल्याकडे जाणाऱ्या उत्तरेच्या अरुंद जिन्यापाशी घोड्यावर स्वार गुरू गोविंदसिंगांचं एक भित्तिचित्र आहे, तेवढंच. सज्ज्यावर जाऊन खाली पाहावं. भिंती इतक्या बोलक्या असूनही नजर त्यांच्यावर रेंगाळत नाही. सगळी नक्षी तिला हलकेच मध्याकडे ढकलत राहते, जिथे फक्त अक्षरं आहेत. अलंकारांनी आपल्या गर्दीतून मोकळ्या जागेकडे वाट दाखवावी, ही किमया मी अन्यत्र पाहिलेली नाही.

ती अक्षरं गायची असतात. १६०४मध्ये गुरू अर्जन देवांनी सिद्ध केलेला आदिग्रंथ इथे आणला गेला आणि बाबा बुड्ढा पहिले ग्रंथी झाले. आज त्याची १,४३० पानं आहेत आणि रचना विषयानुसार किंवा कवीनुसार लावलेल्या नाहीत, रागांनुसार लावल्या आहेत: एकतीस राग. म्हणजे हा ग्रंथ उघडला की हातात संहितेआधी स्वर येतो. पदांत जिथे 'रहाउ' असा शब्द येतो तिथे थांबायचं आणि ती ओळ पुन्हा पुन्हा घ्यायची. आपल्या अभंगातल्या ध्रुपदाचंच हे काम. पहाटेच्या आधीपासून रात्री उशिरापर्यंत कीर्तन चालतं. गुरू नानकांसोबत रबाब वाजवणारे मर्दाना मुसलमान होते, आणि १९४७च्या फाळणीपर्यंत मुसलमान रबाबी इथे गात आले. अलीकडे पेटीच्या जोडीला रबाब, ताऊस, दिलरुबा ही तंतुवाद्यं पुन्हा ऐकू येऊ लागली आहेत. परिक्रमेवर कुठेही बसा, स्वर पाण्यावरून तुमच्यापर्यंत येतो. मागच्या रांगेत बसलेल्याला कमी ऐकू येतं हा मैफलीचा नियम इथे लागू नाही, कारण मागची रांगच नाही. ज्या सुताराने, गवंड्याने चार बाजू उघड्या ठेवल्या त्याने स्वरालाही चार वाटा दिल्या.

देवडीसमोर पश्चिमेला अकाल तख्त आहे. सहावे गुरू हरगोविंद यांनी १६०६मध्ये ते स्थापलं. त्यांनी दोन तलवारी धारण केल्या, मीरी आणि पीरी, ऐहिक सत्तेची आणि अध्यात्माची. तिथले दोन निशाण साहिब पाहावेत: काठ्या दोन, पण पीरीची किंचित उंच. जो विचार सांगायला व्याख्यान लागलं असतं तो काही हातांच्या फरकाने सांगून टाकला आहे. १९८४च्या जूनमध्ये ही इमारत उद्ध्वस्त झाली. पुढे कारसेवेतून ती पुन्हा बांधली गेली. रोज रात्री हरिमंदिरातला ग्रंथ पालखीतून इथे विश्रांतीला येतो आणि पहाटेच्या अंधारात परत जातो. नरसिंगा वाजतो, गुलाबपाणी शिंपडलं जातं, खांदा देण्यासाठी माणसं ओळीत उभी असतात, क्षणभर खांदा लागला की पुढच्याला जागा देतात. पालखी उचलणाऱ्या महाराष्ट्राला हे पाहताना परकं वाटत नाही. आळंदी-देहूच्या पालखीत पादुका असतात, इथे ग्रंथ. पण खांदा बदलताना पालखीला धक्का लागू नये म्हणून श्वास धरण्याची रीत दोन्हीकडे तीच.

आवाराला लागूनच बाबा अटल यांचा अष्टकोनी मनोरा आहे, नऊ मजली. अटल राय हे गुरू हरगोविंदांचे पुत्र. ते नऊ वर्षांचे असताना गेले. वर्षाला एक मजला. स्मारकात शोक कोरण्याचे शंभर मार्ग असतील. इथे नुसतं वय मोजलं आहे, आणि वर चढताना पाय ते मोजत जातात. तिथून थोडं चाललं की जालियनवाला बाग. १३ एप्रिल १९१९. विटांमधल्या गोळ्यांच्या खुणा भिंतीवर आहेत. बागेत जाण्याची वाट अरुंद गल्लीची, आणि त्या दिवशी तीच वाट बंदुकांनी अडवली होती. चार उघड्या दारांच्या वास्तूपासून इतक्या जवळ ही एका वाटेची, कोंडलेली जागा आहे. त्या गल्लीतून परतताना मला कळलं, की दार ठेवणं हा केवळ बांधकामातला निर्णय नसतो.

लंगरकडे मी भूक म्हणून गेलो, आणि तिथेही वास्तूच सापडली. शीख ज्याला पंगत म्हणतात तिला आपणही पंगतच म्हणतो. पण आपल्या पंगतीत मानाचं पान असतं, यजमान कुठे बसणार हे ठरलेलं असतं. इथे जमिनीवर अंथरलेल्या पट्ट्यांवर जो आला तो शेजारच्याला लागून बसतो. पंगतीला शेंडा नाही आणि बूड नाही. वाढपी 'परशादा' म्हणत पोळी घेऊन येतो. ती एका हाताने घ्यायची नाही, दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे करायचे. पोळी अलगद वरून त्यात पडते. मघाशी हर की पौडीवर पाणी घेतानाही हात असेच झाले होते. पाणी, पोळी आणि कढाह प्रसाद, तिन्हींसाठी हाताची एकच मुद्रा. कणीक, तूप आणि साखर समभाग घेऊन केलेला तो प्रसाद तळहातावर ठेवला की ऊब बोटांपर्यंत पोचते. सणासमारंभाची वाट न पाहता, रात्रंदिवस, हजारो माणसांना एवढी नेमकी मुद्रा शिकवणं, हीदेखील थोर कारागिरीच.

शेवटच्या पहाटे मी पूर्वेच्या काठावर येऊन बसलो, हर की पौडीच्या समोर, जिथे मी पाठ शोधली होती. बोरीची झाडं फार जपलेली असतात इथे. त्यातलं एक, दुःखभंजनी बेरी, या बाजूला आहे. अजून उजाडलं नव्हतं. आतून आसा रागातली पहाटेची वार येत होती. मनात नामदेव आले, आणि ते आपोआपच आले, कारण त्यांची एकसष्ट पदं त्या ग्रंथात आहेत. पंजाबी वळणाच्या त्या भाषेत मध्येच 'बीठलु' असा शब्द भेटतो आणि पंढरपूरच्या माणसाला घरचं कुणी हाक मारल्यासारखं वाटतं. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला नामदेवांचं स्थान आहे; २०१५चं मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं.

त्या पदांमध्ये देऊळ फिरल्याची कथाही आहे. नामा देवळात भजन करत बसलेला असतो. हलक्या जातीचा म्हणून त्याला उठवून देतात. तो कांबळं उचलतो आणि देवळाच्या मागे जाऊन बसतो, तिथेच गाऊ लागतो. आणि देऊळ वळतं. नाम्याकडे त्याचं तोंड होतं, पाठ होते ती ज्यांनी उठवलं त्यांच्याकडे. आपल्याकडे ही कथा औंढ्या नागनाथाची म्हणून सांगतात आणि तिथला नंदी देवळामागे का, याचं उत्तर तिच्यात देतात. लहानपणी ऐकताना देऊळ फिरल्याचा चमत्कार मोठा वाटायचा. आज त्या काठावर बसून दुसरंच दिसलं. औंढ्याच्या देवळाला वळावं लागलं, कारण त्याला पाठ होती. ज्यांनी ते पद आपल्या ग्रंथात घेतलं, त्याच गुरू अर्जन देवांनी उभारलेल्या मंदिराला वळण्याची गरजच ठेवलेली नाही. नामा इथे कुठेही जाऊन बसला असता, तरी समोरच बसला असता.

तेवढ्यात माझ्या पाठीमागून सूर्य वर आला. पहिला उजेड पुलाकडच्या बाजूला पडला नाही, देवडीला नाही. तो पडला माझ्यासमोरच्या त्या अर्ध्या षटकोनावर, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर. तांब्यावरच्या एकेका पानाला सावली फुटली, आणि सरोवरात तीच पानं थरथरत उमटली. मी दोन्ही हात पाण्याशी नेले. ओंजळ आपोआप जुळली.